घरचे बाळंतपण : श्रद्धा आणि शहाणपण

बाळंतपणावर बोलण्याचा पुरुषाला अधिकार नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि शहाड-अंबरनाथच्या कारखान्यांपर्यंत जिथे जिथे आम्ही कामगारांच्या सभा घेतल्या, तिथे पगार, बोनस आणि कपात यांची चर्चा संपल्यावर एखादा कामगार हळूच बाजूला घेऊन विचारतो : बायकोचे दिवस भरत आले आहेत, गावी पाठवू की इथेच नाव घालू? या प्रश्नात पैशाचा हिशेब असतो, पण तेवढाच नसतो. गावी तिची आई आहे, ओळखीची सुईण आहे, कुलदैवत आहे. इथे दवाखाना आहे. विश्वास एकीकडे आणि औषध दुसरीकडे, अशी ही वाटणी त्याच्या मनात पक्की झालेली असते. ती वाटणी कितपत खरी आहे, हे आज पाहावयाचे आहे.

पूर्वीची बाळंतिणीची खोली कशी असे? घरातली सर्वांत अंधारी, कोंदट, वारा न लागणारी. कल्याणच्या चाळीत तर खोलीच एक, म्हणून लुगडे आडवे टांगून कोपरा केला की झाले. कळा सुरू झाल्या की पुरुषमाणसे बाहेर ओट्यावर. आत सुईण, बाईची आई किंवा सासू, आणि शेजारच्या एकदोन जाणत्या बाया. मूल अडले तर घरातल्या पेट्या-कुलुपे उघडायची, बाईचे केस मोकळे सोडायचे, गाठी सोडायच्या. थाळीवर चक्रव्यूह काढून तो धुऊन ते पाणी पाजायचे. नवस बोलायचा. बाळंत झाल्यावर शेक-शेगडी, बाळंतशेपा, ओव्याची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, आणि त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते म्हणून कोरा कागद, लेखणी मांडून रात्रभर जागरण.

यातल्या कशाकशाला हसावे? आम्ही तरुणपणी सगळ्यालाच हसणारी माणसे पाहिली, आणि आता सगळ्यापुढेच हात जोडणारी माणसे पाहतो. दोघांचेही काम सोपे आहे. कठीण काम एकेक गोष्ट वेगळी काढून पाहण्याचे.

सटवाईच्या रात्रीपासूनच सुरुवात करू. पाचवी-सहावीची रात्र एवढी भयाची का मानली? नवजात बाळाचा धनुर्वात हा रोग जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत, आणि पुष्कळदा पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. चांगले पिणारे मूल अचानक स्तन धरीनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठते, आणि संपते. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली, वरून राख किंवा शेण लावले की ते आत शिरतात. ज्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली मुले या दिवसांत गमावली, त्यांनी त्या दिवसांना देवतेचे नाव दिले, असे आम्हांला वाटते. जागरण करण्यात त्यांचे काही चुकले नाही. बाळावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवण्याचे ते दिवसच होते. दिवस त्यांनी अचूक ओळखला होता, पण कारण ओळखण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. कारण कळल्यावर उपाय मात्र फार स्वस्त निघाला : गरोदर बाईला धनुर्वाताची इंजेक्शने, नवे पाते, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात आणि नाळेला काही न लावणे. या उपायांनी २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. सटवाईची पूजा आजही घरोघर होते, आणि आमची त्याला काही हरकत नाही. तिच्या हातून एक रोग काढून घेतला, एवढेच.

या ठिकाणी कल्याणच्याच एका मुलीचे स्मरण करावयास हवे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही बोचणी तिला डॉक्टर होण्याकडे घेऊन गेली. १८८३ साली ती एकटी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला, तेव्हा ती बावीस वर्षांचीही नव्हती. ही हकीकत सर्वांना ठाऊक असते. पण तिच्या प्रबंधाचा विषय फारसा कोणी सांगत नाही. तो होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे परक्या देशात नवी विद्या शिकत असताना या मुलीने आपल्या आजीपणजीच्या ज्ञानाकडे पाठ फिरवली नाही, ते समोर ठेवून तपासले. तिच्या मनातही विश्वास एकीकडे नि औषध दुसरीकडे अशी वाटणी नसावी.

जुन्या ग्रंथांत तपासण्याजोगे काही आहे काय? आहे. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ कोण असावे हे सांगताना चरकाने अनेक बाळंतपणे झालेल्या, मायाळू, धीर देणाऱ्या स्त्रिया सांगितल्या आहेत. कळ आलेली नसताना जोर करू नये, तो वाया जातो, असेही तेथे आहे. सुश्रुताने तर जवळच्या स्त्रिया प्रौढ, या कामात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात असे म्हटले आहे. नखे कापलेल्या! या एका शब्दावर आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधी कोणीतरी हे पाहून ठेवले होते. मग मधल्या काळात ते कुठे गेले? आम्हांला त्याचे उत्तर जातिव्यवस्थेत दिसते. बाळंतपण विटाळाचे ठरले, सोयर पाळले जाऊ लागले, नाळ कापण्याचे काम ‘खालच्या’ म्हटलेल्या जातींच्या बायांकडे गेले. त्यांना ना ग्रंथ वाचण्याचा अधिकार, ना वाचणाऱ्याला त्यांच्या हाताचा अनुभव. बाळंतिणीला पांघरायला घरातली टाकाऊ चिंधी, कारण नंतर ती फेकून द्यायची. ज्या ठिकाणी सर्वांत स्वच्छ वस्त्र हवे, तिथे सर्वांत मळकट वस्त्र धर्म म्हणून गेले.

आता यावरून कोणी म्हणेल की अज्ञान काय ते आपल्या खोल्यांत होते आणि ज्ञान इस्पितळांत. तर व्हिएन्नाची गोष्ट ऐका. १८४० च्या सुमारास तिथल्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक बायका मेल्या, दुसऱ्यात शेकडा ३ हून कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे इस्पितळाच्या अधिकाऱ्यांच्या आधी कळले होते. डॉक्टरांच्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत, कित्येकी मुद्दाम रस्त्यात बाळंत होऊन मग येत. आणि आश्चर्य असे, की रस्त्यात बाळंत झालेल्यांना तो ताप कमी येई. अडाणी बायकांची ती अंतःप्रेरणा शंभर टक्के बरोबर होती.

इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने ती खरी मानून कारण शोधले. त्याने श्रद्धेचीही परीक्षा घेतली, हे विशेष. मरणाऱ्या बाईकडे पाद्री घंटा वाजवीत त्या विभागातून जाई, त्या घंटेच्या धास्तीने इतर बायका मरत असतील काय, अशी शंका होती. त्याने पाद्र्याला वळसा घालून, घंटेविना जायला लावले. मृत्यू थांबले नाहीत. मग एका मित्राला शवविच्छेदनात सुरी लागली आणि तो तशाच लक्षणांनी मेला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की विद्यार्थी प्रेतांना लावलेले हात घेऊन बाळंतिणींकडे येतात. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शेकडा १८ मृत्यू होते, जूनमध्ये शेकडा २ वर आले. थोर थोर डॉक्टरांना आपले हात मळके म्हटल्याचा राग आला आणि त्यांनी त्याची टवाळी केली. विद्वानांचीही विटाळाची एक कल्पना असते. ती आपल्यापेक्षा उलटी, एवढेच.

मग अंतःप्रेरणेवर विसंबावे काय? इथे आम्ही आमच्या धंद्यातला दाखला देतो, तो समजायला सोपा जाईल. कारखान्यातला जुना फिटर यंत्राच्या नुसत्या आवाजावरून सांगतो की बेअरिंग जाणार. त्याला विचारा कसे कळले, तर सांगता येत नाही. ही दैवी देणगी नव्हे. तीस वर्षे तो आवाज कानावरून गेलेला असतो. सुइणीचे तसेच. पोटावर हात ठेवून डोके वर आहे की खाली, मूल आडवे आहे की काय, ती सांगते. बाईच्या कण्हण्यात कधी फरक पडला, आता घटका भरत आली, हे तिला घड्याळाशिवाय कळते. हे ज्ञान आहे, आणि त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एकदा स्वतः हात ठेवून पाहावा.

परंतु त्याच कारखान्यात बॉयलरही असतो. बॉयलर फुटणार हे कानाने शिकण्याइतके बॉयलर कोणाच्या आयुष्यात फुटत नाहीत. म्हणून तिथे दाब दाखवणारे घड्याळ लावतात, सुरक्षा-झडप बसवतात, आणि अनुभवी माणसानेही काट्याकडेच पाहावे असा नियम असतो. अंतःप्रेरणा जे वारंवार घडते त्यावरून शिकते. क्वचित घडणारे ती शिकू शकत नाही. ज्या सुइणीने तीनशे बायका सोडवल्या तिच्या हातून दोन किंवा तीन दगावल्या असतील, आणि त्या प्रत्येक वेळी कारण निराळे : एकीला वार पडल्यावर रक्त थांबले नाही, दुसरीला झटके आले, तिसरीचे मूल अडले. एवढ्यावरून तिने काय शिकावे? ती म्हणणार, त्यांचे नशीब. आणि तिच्या अनुभवापुरते ते बरोबरही असते. हजारो बाळंतपणांची नोंद एका ठिकाणी आल्याखेरीज त्या दोघीतिघींचे मरण टाळता येण्याजोगे होते हे कोणालाच दिसत नाही. वार पडल्यावर रक्तस्राव जोराचा असेल तर दोन तासांत धडधाकट बाई जाते. तिथे चक्रव्यूहाचे पाणी चालत नाही, सुइणीचा हात चालत नाही, आणि गावापासून दवाखाना तीन तासांवर असेल तर दवाखानाही चालत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून आणल्याच्या बातम्या अजून येतात. ठाणे स्थानकाच्या फलाटावर बाळंत झाल्याच्या बातम्याही येतात. कल्याण-शीळ रस्ता तुंबला की शहरातल्या बाईचेही अंतर पाड्याएवढेच होते.

इतके म्हटल्यावर श्रद्धेचा भाग उरतो तो कोणता? तो उरतो, आणि त्याचे काम मोठे आहे. भ्यालेल्या माणसाच्या अंगात जे द्रव्य सुटते ते गर्भाशयाच्या कळांना आडकाठी करते. भीतीने स्नायू आवळतात, वेदना वाढते, वेदनेने भीती वाढते. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टराने १९३३ च्या सुमारास हे मांडले. पेट्या-कुलुपे उघडण्याने गर्भाशय उघडत नाही, हे खरे. पण सारे घर आपल्यासाठी झटते आहे, हे ज्या बाईला त्या कुलुपांच्या आवाजातून कळते, तिचे आवळलेले अंग सैल पडण्याचा संभव आहे.

आमच्या चळवळीला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगतो. पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेने स्वतःचे प्रसूतिगृह चालवले होते. तिथले डॉक्टर फर्नां लामाझ १९५१ साली सोव्हिएत रशियात गेले आणि पाव्हलॉव्हच्या विचारांवर आधारलेली, भूल न देता बाईला आधीपासून शिकवून, श्वासाची सवय लावून बाळंत करण्याची पद्धत पाहून आले. १९५२ पासून त्यांनी ती कामगारांच्या बायकांसाठी त्या प्रसूतिगृहात सुरू केली, नवऱ्यांनाही शिकवणीत घेतले. आज श्रीमंतांच्या गर्भसंस्कार वर्गांत ‘लामाझ’ हे नाव पैसे मोजून ऐकायला मिळते. त्याचा आरंभ कामगार वर्गणीवर चालणाऱ्या दवाखान्यात झाला, हे त्या वर्गांत कोणी सांगत नसावे. पद्धत कम्युनिस्टांची म्हणून गवगवा झाला, तेव्हा १९५६ साली खुद्द पोपनी त्यात धर्माविरुद्ध काही नाही असे सांगितले.

पुढे १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका गर्दीच्या इस्पितळातील प्रयोग प्रसिद्ध झाला. काही बायकांच्या सोबतीला एकेक साधी बाई दिली. ती नर्स नव्हती, नात्यातली नव्हती. ती हात धरी, पाठ चोळी, बोलत बसे. एकट्या ठेवलेल्या बायकांपेक्षा यांची प्रसूती निम्म्याहून कमी वेळात झाली. त्यानंतर अनेक देशांत अशा चाचण्या झाल्या आणि सतत सोबत मिळाली तर शस्त्रक्रियेची गरज कमी पडते असे दिसून आले. म्हणजे चरकाची ती मायाळू, धीर देणारी बाई ही केवळ सोय नसून उपचाराचा भाग होती.

आणि आपण इस्पितळे बांधताना नेमके तिलाच दाराबाहेर काढले. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये शेकडा ६५ च्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१ च्या पाहणीत ती शेकडा ९५ च्या घरात गेली. हा मोठाच पल्ला आहे, आणि त्यामुळे वाचलेल्या बाया आज मुलांना शाळेत पोचवीत आहेत. पण दारातून आत गेलेल्या बाईचे काय होते? एका सार्वजनिक प्रसूतिगृहातून परत आलेल्या आमच्या एका सभासदाच्या बायकोने सांगितलेले शब्द असे, “दादा, दुखलं त्याचं काही नाही. ओरडले म्हणून माझ्या अंगावर ओरडल्या, आणि आई दाराबाहेर बसलेली होती.” तिथल्या नर्सवरही आम्ही राग धरणार नाही. एकेका पाळीला दोघींनी वीस बायका सांभाळायच्या असतील तर गोड शब्द कुठून आणायचे? हा पाळीच्या माणसांच्या संख्येचा प्रश्न आहे, म्हणजे आमच्याच खात्यातला.

दोन्ही गोष्टी एकत्र आणता येतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत काम केले. तिथे बाळंतपणे बहुतेक घरीच होत. त्यांनी सुइणीला हाकलले नाही. तिच्या बरोबरीने गावातलीच एक शिकवलेली बाई बसवली. तिने बाळाचे वजन करावे, त्याला उबेत ठेवावे, चिकाचे दूध फेकू न देता लगेच पाजायला लावावे, श्वास अडला तर उपाय करावा, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यावे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला : नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ नी कमी झाले. यात चिकाच्या दुधाची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तीन दिवस बाळाला गूळपाणी किंवा मध चाटवणे ही आपली श्रद्धा साफ चुकीची होती, आणि ती ओळखीच्या बाईने सांगितली म्हणून घराघरांतून सुटली.

त्या ओळखीच्या बाईच्या मजुरीविषयी बोललो नाही तर आम्ही आमच्या कामाशी बेइमान होऊ. सुइणीला काय मिळे? खण, नारळ, पायलीभर धान्य. मुलगी झाली तर त्याहून कमी. तिचे काम पुण्याचे म्हणायचे आणि मजुरी टाळायची. आज तिच्या जागी आशाताई आहे. गरोदर बाईची नोंद, इंजेक्शने, मध्यरात्री रिक्षा शोधून दवाखान्यात नेणे, घरी येऊन बाळ पाहणे हे सारे तिने करायचे, आणि कागदावर ती ‘स्वयंसेविका’, तिला पगार नव्हे, मोबदला. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशांनी मोठे संप केले ते उगीच नव्हे. ज्या बाईवर गरीब घराचा विश्वास बसतो, तिच्या विश्वासाचे भाडे सरकार फार थोडे देते.

घरच्या बाळंतपणातले आणखी एक शहाणपण म्हणजे सव्वा महिना. बाईने सव्वा महिना चुलीपाशी जायचे नाही, पाणी शेंदायचे नाही, विहिरीवर जायचे नाही. निमित्त विटाळाचे, पण अंग भरून येण्यासाठी ती विश्रांतीच होती. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, त्यात भारतीय कामगारांतर्फे ना. म. जोशी होते. तिथे प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर घेऊ नये असे ठरले. सहा आठवडे म्हणजे सव्वा महिन्याहून चारपाच दिवस जास्त. आपल्या आज्या आणि वॉशिंग्टनचे पुढारी निरनिराळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोचले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे १९६१ चा देशभरचा कायदा आला, आणि २०१७ मध्ये त्यातली पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली.

परंतु हा सव्वा महिना कोणाला मिळतो? डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई, नाक्यावर उभी राहणारी बिगारी बाई, ठेकेदाराच्या हजेरीपटावर दर काही महिन्यांनी नाव बदलणारी कारखान्यातली बाई, यांच्यापर्यंत कायदा पोचत नाही, आणि शहरातल्या दहा-बाय-दहाच्या खोलीत रिवाजही पोचत नाही. पंधराव्या दिवशी ती कामावर. जुन्या घरात विटाळाच्या नावाने का होईना तिला जे मिळत होते, ते आपण तिला नव्या नावाने दिलेले नाही.

अलीकडे ठाण्याच्या काही सुस्थितीतल्या, शिकल्यासवरल्या घरांत पुन्हा घरी बाळंत होण्याची ओढ दिसू लागली आहे. दवाखान्यात उगाच पोट फाडतात, ही त्यांची तक्रार. ती निराधार नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत जवळजवळ निम्मी बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली होती, आणि एवढ्या बायांना तिची गरज असते असे कोणीही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. पण ‘निसर्गावर विश्वास ठेवा’ हे उत्तर आम्हांला पटत नाही. निसर्गावर विश्वास ठेवूनच आनंदीबाईच्या काळी बाया मरत होत्या. नेदरलंड्समध्ये घरी बाळंतपणे होतात, पण तिथे सुईण वर्षानुवर्षे शिकलेली असते, धोका नसलेल्याच बाया निवडतात, आणि रुग्णवाहिका मिनिटांत येते. त्या तीन गोष्टी नसताना फक्त चौथी, म्हणजे घर, उचलून आणली तर शहापूरच्या पाड्यावरची बाई नाइलाजाने जे भोगते ते ठाण्याच्या बाईने हौसेने भोगल्यासारखे होईल.

मग सभेनंतर बाजूला घेऊन विचारणाऱ्या त्या कामगाराला आम्ही काय सांगतो? दवाखान्यात नाव घाल, आणि आईला इथे बोलावून घे. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१६ साली सरकारी दवाखान्यांना सांगितले आहे की प्रसूतीच्या वेळी बाईला सोबतीण ठेवू द्यावी. ती नात्यातली असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत तिने थांबावे, कामात ढवळाढवळ करू नये. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही येऊ द्यावे. म्हणजे चरकाची अट आता सरकारी कागदावर आहे. तो कागद पुष्कळांना माहीत नाही, आतल्यांनाही नाही. म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवावे : माझ्या आईला आत येऊ द्याल ना? रक्ताची सोय कुठे आहे? रात्री भूल देणारा डॉक्टर असतो का? नाही म्हणाले तर कोणत्या दवाखान्यात पाठवता, आणि गाडी कोण देते?

सोबतीणीला नकार देताना एक कारण नेहमी पुढे येते. एकाच दालनात चारचार टेबले, मध्ये आडोसा नाही, दुसऱ्या बायांची लाज कशी राखायची? कारण खरे आहे. म्हणून आमच्या भागातल्या एका प्रसूतिगृहाला आम्ही संघटनेतर्फे लेखी कळवले, की टेबलांच्या मध्ये पडदे लावावेत, नळ्या आणि कापड आम्ही वर्गणीतून देऊ, शिवून देण्यास आमच्याच सभासदांच्या बायका तयार आहेत. मापेही सोबत जोडली आहेत. पत्राला पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचे आहे.